थंडाव्याच्या परीक्षेची परीक्षा

संगणकाच्या प्रोसेसरच्या पाठीवर धातूचा एक पट्ट्यापट्ट्यांचा ठोकळा बसवलेला असतो आणि त्या ठोकळ्यावर एक छोटा पंखा. ठोकळ्याला हीटसिंक म्हणतात. बाजारात अशा हीटसिंक-पंख्यांच्या जोड्या असंख्य प्रकारच्या मिळतात आणि त्यांच्या चाचण्यांचे निकालही वाचायला मिळतात. निकाल बहुधा एका ओळीत संपतो : ‘पूर्ण भाराखाली ६२ अंश.’ शेजारच्या रकान्यात दुसरी जोडी असते, तिचे ६८ अंश. वाचणारा ६२ अंशवाली जोडी चांगली, असे ठरवून मोकळा होतो.

या लेखात त्या जोड्यांचे नव्हे, तर त्यांच्या चाचण्यांचे परीक्षण करायचे आहे. आपले विद्यार्थी प्रयोगवहीत एकक लिहायला विसरले तर आपण गुण कापतो. मग छापील चाचणीत खोलीचे तापमान नाही, प्रोसेसर किती वॅट उष्णता देत होता ते नाही, चाचणी किती वेळ चालली तेही नाही, तर तिला पैकीच्या पैकी गुण का द्यावेत? प्रश्न केवळ संगणकवेड्यांचा नाही. शाळेच्या संगणक-कक्षात मे महिन्याच्या दुपारी यंत्रे रेंगाळू लागतात, तेव्हा काय बदलायचे आणि कशावर पैसे खर्च करायचे, हे अशाच निकालांच्या आधारे ठरवले जाते.

मोरी आणि पाणी

सिंक म्हणजे मोरी. नाव सोयीचे आहे, पण त्यातून एक गैरसमजही होतो. हीटसिंक उष्णता ‘पिऊन टाकतो’ असे पुष्कळांना वाटते. मोरी पाणी पीत नाही. ते पुढे वाहून जायला वाट देते. पुढची वाट तुंबली की मोरी कितीही मोठी असली तरी भरतेच. हीटसिंकचे काम तेच. प्रोसेसरला मिळणारी वीज जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णतेत बदलते. ती उष्णता वहनाने धातूत येते, धातूच्या पट्ट्यांतून पसरते आणि पट्ट्यांवरून वाहणाऱ्या हवेत जाते. पट्ट्या अशासाठी, की तेवढ्याच जागेत हवेला भिडणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढावा. मोटारसायकलच्या इंजिनावरच्या पट्ट्यांमागेही हेच कारण आहे.

ही वाट किती महत्त्वाची, ते साध्या गणिताने कळते. प्रोसेसरची सिलिकॉनची चकती समजा १ चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळाची आणि ०.७ मिलिमीटर जाडीची आहे. सिलिकॉनची घनता २.३३ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, म्हणजे वस्तुमान साधारण ०.१६ ग्रॅम. त्याची विशिष्ट उष्णता ०.७ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश. म्हणजे ती चकती एक अंशाने तापवायला ०.११ ज्यूल पुरतात. तिच्यात दर सेकंदाला ६५ ज्यूल ओतले आणि बाहेर काहीच जाऊ दिले नाही, तर तापमान एका सेकंदात साडेपाचशे अंशांहून अधिक चढेल! प्रत्यक्षात थोडी उष्णता आजूबाजूला झिरपते, पण हीटसिंकशिवाय प्रोसेसरला सेकंदांचीच मुदत असते, हे यावरून दिसते.

ही अडचण हळूहळू वाढत गेली. १९८९ साली आलेल्या ८०४८६ प्रोसेसरची सुरुवातीची रूपे काही वॅटच घेत आणि पंख्याविना चालत. १९९३ च्या पहिल्या पेंटियमला १५ वॅटच्या आसपास लागत आणि पंखा घरोघरच्या संगणकात येऊन बसला. २००४ च्या पेंटियम ४ मधील काही प्रोसेसरांनी शंभर वॅटची रेषा ओलांडली. नखाएवढ्या चकतीतून शंभर वॅटच्या बल्बाएवढी उष्णता काढायची तर हीटसिंक आणि पंख्याची चाचणी गंभीरपणे व्हायलाच हवी.

एका गाजलेल्या चाचणीचे गुणदोष

२००१ साली ‘टॉम्स हार्डवेअर’ या संगणक-परीक्षण करणाऱ्या प्रकाशनाने एक धाडसी चाचणी केली. चालू संगणकावर खेळ सुरू असताना प्रोसेसरवरचा हीटसिंकच उचलून काढला. पेंटियम ४ मंदावला, पण चालत राहिला. पेंटियम ३ थबकला, पण वाचला. एएमडी कंपनीचे दोन अ‍ॅथलॉन प्रोसेसर मात्र धूर काढून जळाले. या प्रयोगाची चित्रफीत जगभर पाहिली गेली.

चाचणी म्हणून ही कशी होती? तिची एक बाजू निर्विवाद चांगली. एकच गोष्ट बदलली, बाकी तशीच ठेवली आणि परिणाम कोणालाही डोळ्यांनी दिसेल असा होता. तापमान वाढताच स्वतःचा वेग आवरणारी यंत्रणा प्रोसेसरमध्ये का हवी, हे तिने एका मिनिटात पटवले. पण तिने हीटसिंकबद्दल काय सांगितले? तो हवा, एवढेच. कोणता हीटसिंक किती चांगला, याचे एकही माप त्यातून निघत नाही. नाट्यमय प्रयोग कुतूहल जागवतो. तुलना करायची तर मोजमाप लागते. वर्गातही आपण हा फरक पाळतो. सोडियमचा तुकडा पाण्यात टाकल्यावर मुले टाळ्या वाजवतात, पण अभिक्रियेत किती उष्णता बाहेर पडली हे टाळ्यांवरून ठरत नाही.

हेड विचारल्याशिवाय पंप नको

आता नेहमीच्या चाचण्यांकडे वळू. कोल्हापूर परिसरात पंचगंगेवर उपसा सिंचनाचे पंप जागोजागी दिसतात. पंप घेताना इथला शेतकरी ‘पाणी किती टाकतो?’ एवढे विचारून थांबत नाही. ‘किती हेडला?’ हे तो लगेच विचारतो. दहा फुटांवर भरभरून पाणी टाकणारा पंप शंभर फुटांवर थेंबही चढवणार नाही, हे त्याला ठाऊक असते. हेडशिवाय पाण्याचा आकडा निरर्थक असतो, हे उद्यमनगरातल्या कोणत्याही दुकानदाराला सांगावे लागत नाही.

हीटसिंकच्या बाबतीत हीच समज का सुटते? उष्णता वाहते ती तापमानातील फरकामुळे. पंखा हवेला तिच्या स्वतःच्या तापमानाहून थंड करू शकत नाही. कोरडा तापमापक टेबलफॅनसमोर धरून पाहा, पारा खाली येत नाही. (फडके ओले करून गुंडाळले तर येतो, पण तो बाष्पीभवनाचा प्रताप.) म्हणून हीटसिंकच्या चाचणीत प्रोसेसरचे तापमान नव्हे, तर ते हवेच्या तापमानाहून किती अंशांनी वर आहे, हे पाहायला हवे.

सुरुवातीचे दोन आकडे आता पुन्हा घेऊ. समजा ६२ अंशांची चाचणी २२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत झाली आणि ६८ अंशांची ३० अंशांच्या साध्या खोलीत. पहिल्यात वाढ ४० अंश, दुसऱ्यात ३८. दोन्हीकडे उष्णता ६५ वॅट असेल, तर पहिल्या जोडीचा औष्णिक रोध ४० भागिले ६५, म्हणजे सुमारे ०.६२ अंश प्रति वॅट. दुसरीचा सुमारे ०.५८. ‘हरलेली’ जोडीच सरस ठरली!

अंश प्रति वॅट हे एकक शिक्षकांना अनोळखी वाटू नये. विद्युत्-मंडलात व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे रोध. इथे व्होल्टच्या जागी तापमानातील फरक आणि विद्युत्-धारेच्या जागी उष्णतेचा प्रवाह. ओहमचा नियम शिकवताना हे साधर्म्य दाखवले तर दोन्ही धडे एकमेकांना आधार देतात.

हा एक आकडा हाती आला की परक्या प्रयोगशाळेतला निकाल आपल्या गावी लावता येतो. रोध ०.६, उष्णता ६५ वॅट, तर वाढ ३९ अंश. चाचणीच्या खोलीत २२ अंश होते, म्हणून तिथे निकाल ६१. कोल्हापुरात एप्रिल-मेच्या दुपारी हवा ३७ अंशांपर्यंत जाते. संगणकाच्या बंद पेटीतली हवा खोलीपेक्षाही गरम असते. ती सात अंशांनी जास्त धरली तर पंख्याला मिळते ४४ अंशांची हवा. तोच हीटसिंक, तोच प्रोसेसर, तापमान ८३! हीटसिंक बिघडलेला नाही. चाचणीने जे सांगितले नाही, ते मे महिन्याने सांगितले.

पण मग डोंगरावरच्या विरळ हवेचे काय, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारेल. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच आहे. इथला वायुदाब पाऱ्याच्या ७६० ऐवजी साधारण ७१० मिलिमीटर, आणि म्हणूनच आपल्या प्रयोगशाळेत पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपास उकळते. त्याच तापमानाची हवा रत्नागिरीच्या किनाऱ्यापेक्षा इथे साडेसहा टक्क्यांनी विरळ. पंखा तेवढेच फेरे घेऊन तेवढेच घनफळ ढकलतो, पण त्यात वस्तुमान कमी. परिणाम होतो, मात्र ४० अंशांच्या वाढीत दोनेक अंशांचा. खोलीच्या तापमानातला १५ अंशांचा फरक त्यापुढे कितीतरी मोठा आहे. कोणते कारण मोठे आणि कोणते किरकोळ, हे आकड्यांनी तोलून पाहणे हा चाचणीचाच भाग आहे.

वॅट कोणी मोजले?

औष्णिक रोध काढायला वॅट ठाऊक हवेत, आणि नेमके तिथेच बहुतेक चाचण्या ढिल्या पडतात. प्रोसेसरच्या खोक्यावर छापलेले वॅट वापरले जातात. ते प्रत्यक्ष मोजलेले नसतात. २०२२ साली आलेल्या इंटेल कोअर आय९-१३९००के या प्रोसेसरची मूळ शक्ती १२५ वॅट दिलेली आहे आणि कमाल शक्ती २५३ वॅट. भागायचे कशाने? उत्तर दुपटीने चुकू शकते.

आणखी एक गुंतागुंत आहे. आजचे प्रोसेसर तापमान पाहून आपला वेग स्वतःच वाढवतात आणि कमी करतात. एएमडीचे २०२२ चे रायझन ७००० मालिकेतील मोठे प्रोसेसर तर जड कामात ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच रचले आहेत. अशा प्रोसेसरवर चांगला हीटसिंक बसवा की साधारण, दोन्हीकडे ९५ अंशच दिसू शकतात. फरक पडतो तो वेगात. चांगल्या हीटसिंकखाली प्रोसेसर अधिक वॅट घेऊन अधिक काम उरकतो. तरीही दोन्हींचा तापमानाचा रकाना शेजारी छापून ‘बरोबरी’ असा शेरा मारणारे परीक्षण म्हणजे दोन धावपटूंच्या नाडीचे ठोके मोजून शर्यतीचा निकाल लावणे होय.

तापमापकही तपासायला हवा. हे आकडे प्रोसेसरच्या आतच बसवलेल्या संवेदकाकडून येतात. त्याचे मुख्य काम धोक्याची मर्यादा जवळ आली की इशारा देणे. मर्यादेजवळ तो जितका भरवशाचा, तितका चाळीस-पन्नास अंशांवर असेलच असे नाही. त्याच्या एका-दोन अंशांच्या फरकावरून पहिला-दुसरा क्रमांक लावू नये.

घाईचा निकाल

तिसरा दोष वेळेचा. समजा अर्धा किलो अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक आहे. अ‍ॅल्युमिनियमची विशिष्ट उष्णता ०.९ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश, म्हणजे संपूर्ण ठोकळा एक अंशाने तापवायला ४५० ज्यूल लागतात. ठोकळ्यापासून हवेपर्यंतचा रोध ०.५ धरला तर ४५० गुणिले ०.५, म्हणजे २२५ सेकंद हा त्याचा कालांक. इतक्या वेळात तापमानवाढ अंतिम वाढीच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोचते. पाच मिनिटांनी ती ७४ टक्के असते. ६५ वॅटला अंतिम वाढ साडेबत्तीस अंश. पाच मिनिटांत चाचणी आटोपणाऱ्याला दिसते २४.

आता याच रोधाचा, पण निम्म्या वजनाचा दुसरा हीटसिंक घ्या. त्याचा कालांकही निम्मा, म्हणून पाच मिनिटांत तो ९३ टक्क्यांवर, म्हणजे ३० अंशांवर पोचतो. दोघांची कामगिरी अगदी सारखी असूनही जड हीटसिंक सहा अंशांनी ‘थंड’ ठरतो! पंधरा-वीस मिनिटे थांबले असते तर ही फसगत टळली असती. जड वस्तू उशिरा तापते. कमी तापते असे नव्हे.

चौथी गोष्ट प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधल्या सांध्याची. धातूचे दोन गुळगुळीत पृष्ठभागही मोजक्या ठिकाणीच एकमेकांना टेकतात. मधल्या फटींत हवा असते. हवेची उष्णतावाहकता ०.०२६, अ‍ॅल्युमिनियमची दोनशेच्या पुढे. तीन सेंटीमीटर बाजूच्या चौरसावर २५ मायक्रॉनचा अखंड हवेचा थर असता, तर ६५ वॅटला त्या थरातच जवळजवळ ७० अंश खर्ची पडले असते. तिथे ५ वाहकतेची पेस्ट भरली तर अर्धा अंशही पडत नाही. प्रत्यक्षात धातू काही ठिकाणी टेकलेला असतो, तरी पेस्ट नीट पसरली की नाही यावर निकाल काही अंशांनी हलतो. म्हणून एकच हीटसिंक तीनदा काढून, पुसून, पुन्हा बसवून मोजायला हवा. तिन्ही वेळचे आकडे दोन अंशांनी वेगळे येत असतील, तर दुसऱ्या जोडीशी असलेल्या एका अंशाच्या फरकाला किती महत्त्व द्यायचे, हे वाचकाला आपोआप कळेल.

शेवटी पंख्याचा वेग. तो दुप्पट केला तर हवा साधारण दुप्पट मिळते, पण पंख्याला लागणारी शक्ती आठपट होते आणि आवाजही बराच वाढतो. पूर्ण वेगाने पंखा फिरवून मिळवलेला निकाल वाचताना त्या आवाजाची किंमतही विचारावी. वीस यंत्रांच्या कक्षात तास घेणाऱ्या शिक्षकाला ती घशाने मोजावी लागते.

शाळेत करता येईल अशी चाचणी

टीका करणाऱ्याने पर्यायही सुचवावा. प्रोसेसरचे वॅट कळत नसतील तर प्रोसेसरच बाजूला ठेवू आणि त्याच्या जागी रोधक घेऊ. १० ओहमचा, अ‍ॅल्युमिनियमच्या आवरणातला ५० वॅटचा तारेचा रोधक, ६, ९ आणि १२ व्होल्ट देणारा २ अँपिअरचा वीजपुरवठा, भंगारातल्या संगणकाचा हीटसिंक-पंखा, थोडी पेस्ट आणि तारेच्या टोकाचे दोन डिजिटल तापमापक एवढे साहित्य पुरते.

व्होल्टचा वर्ग भागिले ओहम या सूत्राने अनुक्रमे ३.६, ८.१ आणि १४.४ वॅट मिळतात. शेवटचा आकडा १९९३ च्या पेंटियमच्या जवळपासचा आहे. पेस्ट लावून रोधक हीटसिंकच्या तळाला स्क्रूने घट्ट बसवा. एक तापमापक तळाला रोधकाजवळ लावा, दुसरा पंख्यात शिरणाऱ्या हवेत, बाहेर पडणाऱ्या गरम झोतापासून दूर. पंख्याला वेगळ्या पुरवठ्यातून कायम १२ व्होल्ट द्या, म्हणजे त्याचा वेग बदलणार नाही. मिनिटामिनिटाला दोन्ही तापमाने टिपा आणि पाच मिनिटांत अर्ध्या अंशाचाही बदल झाला नाही की मगच अंतिम नोंद करा. रोधकाला हात लावू नका. तळाचे तापमान ८० अंशांवर गेले तर पुरवठा बंद करा.

आडव्या अक्षावर वॅट, उभ्या अक्षावर तापमानवाढ घेऊन आलेख काढा. पंखा चालू असताना बिंदू जवळजवळ सरळ रेषेवर येतील आणि त्या रेषेचा चढ म्हणजेच औष्णिक रोध. समजा तो १.५ निघाला, तर तीन वाढी सुमारे ५.४, १२ आणि २१.६ अंश असतील. मग पंखा बंद करून पाहा, निम्म्या पट्ट्या कागदाने झाकून पाहा, सकाळी आणि दुपारी पाहा. सकाळ-दुपार तळाचे तापमान बदलेल, पण चढ फारसा बदलणार नाही. हे मुलांना स्वतःच्या आलेखात दिसले की अंश आणि अंश प्रति वॅट यांतला फरक पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

या चाचणीलाही मर्यादा आहेत. रोधकाची उष्णता मोठ्या तळातून येते, प्रोसेसरची एका बिंदूएवढ्या जागेतून. त्यामुळे आपला आकडा तळापासून हवेपर्यंतच्या वाटेचा आहे, संपूर्ण वाटेचा नाही. पण ही मर्यादा आपण लिहून ठेवू शकतो आणि आपले वॅट मोजलेले आहेत.

असे काटेकोर काम करणारे परीक्षकही आहेत. ते खोलीचे तापमान देतात, प्रोसेसरची शक्ती मोजतात किंवा स्थिर ठेवतात, आवाज समान करून तुलना करतात. त्यांचे निकाल आवर्जून वाचावेत. इतरांच्या निकालासमोर विद्यार्थ्यांना पाच प्रश्न विचारायला लावावेत : हवेचे तापमान किती होते? उष्णता किती वॅट होती आणि ती कोणी मोजली? चाचणी किती वेळ चालली? हीटसिंक किती वेळा पुन्हा बसवला? पंखा कोणत्या वेगाने फिरत होता?

आणि संगणक-कक्षासाठी नवी जोडी विकत घेण्याआधी यंत्राचे झाकण उघडावे. पुरवठा बंद करून, पंखा बोटाने अडवून, पट्ट्यांमधली धूळ मऊ ब्रशने काढावी. मग तोच प्रोग्रॅम पूर्वीइतकाच वेळ चालवून, खोलीचे तापमान शेजारी लिहून, आधीचा आणि नंतरचा आकडा पाहावा. मोरी तुंबली होती की लहान पडत होती, हे त्या दोन नोंदींतून कळेल आणि त्यासाठी लागणारा खर्च एका ब्रशचा आहे.